हॉपरच्या पोटात

आबा वाळू मुठीत दाबून बघत. मूठ उघडली की तळहातावर बोटांचे वळ उमटलेला काळा गोळा बसलेला असे. मग दोन्ही अंगठे लावून तो मधोमध मोडायचा. मोड स्वच्छ पडली, कडा ढासळल्या नाहीत आणि तळहात जवळजवळ कोरडा राहिला, तर वाळू बरी. कडा झडल्या तर पाणी कमी. हाताला राड लागली तर पाणी जास्त. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ते मोल्डर होते आणि त्या काळी वाळूची सगळी प्रयोगशाळा म्हणजे ही मूठ. पुढे मशिनं आली, वाळूच्या नळकांड्या ठोकून त्यांची ताकद आकड्यांत मोजणारे डिप्लोमावाले आले. आबा आकडा ऐकून घेत आणि तरीही एक मूठ उचलत.

या काळ्या वाळूचं घराणं मिश्र आहे. मूळची सिलिका वाळू, तिला धरून ठेवायला कच्छकडून येणारी बेंटोनाइट माती, ओतीव भागाचं अंग गुळगुळीत यावं म्हणून कोळशाची पूड आणि शंभर भागांना तीन-चार भाग पाणी. एवढ्याशा पाण्यावर बेंटोनाइट फुगतं, वाळूच्या कणाकणावर त्याचा पातळ लेप चढतो आणि कण एकमेकांना घट्ट धरतात. इतके घट्ट, की लाकडी पॅटर्न उचलून घेतल्यावर त्याची नक्षीसुद्धा वाळूत जशीच्या तशी राहते आणि वरून चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं तरी साचा ढळत नाही. ट्रॅक्टरचे, मोटारींचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे जे भाग कोल्हापुरातून देशभर आणि देशाबाहेर जातात, ते सगळे आधी या चिकट काळोखात राहून आलेले असतात.

पण माणूस मोठा लबाड मालक. साच्यात वाळूनं दगडासारखं उभं राहायचं आणि साच्यापर्यंत येताना मात्र पाण्यासारखं वाहत यायचं, अशी त्याची अपेक्षा असते. वाळूला हा भेद कळत नाही. जो चिकटपणा साच्यात गुण, तोच वाटेतल्या हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होत गेलेल्या कोठीत, दोष. तिला शेजारच्या कणाला धरायला शिकवलंय, तर ती लोखंडी भिंतीलाही धरते.

या गावाला धरण्याचं वेडच आहे म्हणा. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते पकडीसाठी. तालमीतल्या हौद्याची तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवायची आणि कुस्ती रंगली की मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर टाकायची, घामानं हात सुटू नये म्हणून. निसटणं इथे कधी शौर्याचं मानलं गेलं नाही. पंचगंगेकाठची काळी जमीनसुद्धा त्याच वळणाची. पावसाळ्यात उसाच्या सरीतून चालून आलं की प्रत्येक पायाला शेरभर शेत लागून घरी येतं.

मात्र गुऱ्हाळावर गेलं, की सोडून देण्याचीही एक जुनी अक्कल दिसते. रस उकळताना त्यात रानभेंडीचा बुळबुळीत रस घालतात. ती बुळबुळ रसातली मळी धरते आणि वर आणते, मग झाऱ्यानं ती काढून टाकायची. म्हणजे चिकट वापरून मळ काढायचा. पण पाक उतरवून वाफ्यात घोटून झाला आणि घट्ट होऊ लागलेला गूळ साच्यात भरायची वेळ आली, की गुळव्या साच्याला आतून आधी ओलं फडकं लावतो. रवा गार झाला की साचा उपडा करायचा आणि फडकं सोलून घ्यायचं. फडक्याची वीण गुळाच्या अंगावर राहते. कोल्हापुरी गुळाचा मोठा रवा बघितला, की मी आधी ती वीण शोधतो. गूळ आणि साचा यांचं भांडण होऊ नये म्हणून मध्ये कुणीतरी पडलं होतं, त्याची ती खूण.

फाउंड्रीत असं मध्ये पडणारं बरीच वर्षं कुणी नव्हतं. होता तो हातोडा.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका मित्राची फाउंड्री आहे. तिथला सँड प्लँट म्हणजे वाळूची अखंड वारी. ओतकाम निवलं की पेट्या शेकआउटवर आपटतात, कास्टिंग एकीकडे जातं, वाळू खाली पट्ट्यावर पडते. पट्ट्यावरचं चुंबक तिच्यातले लोखंडाचे कण वेचतं, चाळण ढेकळं फोडते, बकेट एलिव्हेटर तिला वर नेतो आणि हॉपरमध्ये टाकतो. हॉपरच्या तोंडातून ती खाली मिक्सरमध्ये उतरते, पुन्हा थोडं पाणी, थोडं बेंटोनाइट पिऊन साच्याकडे निघते. तीच वाळू पुन्हा पुन्हा फिरते. अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, हॉपरच्या पोटात, जिथे भिंती आत झुकतात आणि वाट अरुंद होते.

त्या हॉपरचा बाहेरचा पत्रा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो देवी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसला. खालच्या निमुळत्या भागावर हात ठेवायला सपाट जागा नव्हती. एक मामा तिथे कायम उभे असत, लांब दांड्याचा हातोडा घेऊन. मिक्सरवाल्यानं हात वर केला की मामा हाणत. वाळू धप्पकन उतरे. पुन्हा थोड्या वेळानं हात वर. मी म्हटलं, मामा, पत्रा फाटेल की. ते म्हणाले, "फाटू दे. हिला हाणल्याबिगर कळतच न्हाई."

यातली खरी गंमत आतल्या बाजूला होती. बाहेरून हातोडा बसला की आत पोचा उठतो. त्या उंचवट्यावर वाळू आणखी पाय रोवते. मग आणखी जोरात हाणावं लागतं, पोचा आणखी वाढतो. वर पावसाळा. पेटीतून सुटलेली वाळू गरम असते. तिची वाफ हॉपरच्या गार पत्र्यावर धरते आणि ओल्या पत्र्याला वाळूचा पहिला थर चिकटतो. एकदा पहिला थर बसला की बाकीच्या कणांना भिंत शोधावी लागत नाही, ते एकमेकांवरच बसतात. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पत्र्यावर गंज चढतो आणि दुसऱ्या दिवशी वाळूला धरायला आयती खरखर मिळते.

कधी वाळू दोन्ही भिंतींना पाय लावून तोंडावर कमान बांधते. पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाच्या कमानी ज्या न्यायानं उभ्या आहेत, त्याच न्यायानं. वरचं ओझं कमानीच्या कडांनी भिंतीत उतरतं आणि खाली पोकळी राहते. कधी उलटं होतं. मधोमध एक भुयार पडतं, त्यातूनच ताजी वाळू उतरते आणि भिंतीलगतची वाळू महिनोन्महिने तिथेच राहून वाळून जाते. कागदावर हॉपर वीस टनांचा, पण कामाला येतो त्यातला मधला एक दंडगोल. मिक्सरमध्ये एकदा ताजी वाळू येते, एकदा जुनाट खपली कोसळते, आणि साच्यात दोष कुठून आला ते शोधत माणसं बसतात.

हे ज्ञान तसं जुनं आहे. यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरनं 1895 साली धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून दाखवलं, की धान्याचं सगळं ओझं तळावर पडत नाही. घर्षणामुळे त्यातलं बरंचसं भिंतीच उचलतात. म्हणून पाणी भरलं तर खोलीबरोबर तळावरचा दाब वाढतच जातो, पण धान्य एका उंचीपुढे कितीही ओतलं तरी तळाला फारसं कळत नाही. पुढे अमेरिकेत यूटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी अशा कणमय पदार्थांच्या वाहण्याचा हिशेब मांडला. 1964 साली निघालेली त्यांची ती पुस्तिका हॉपर आखणारे अजून उघडतात. सगळा माल एकदम सरकेल की मध्ये भुयार पडेल, हे ठरतं भिंतीच्या उतारावर आणि ती भिंत मालाला किती धरते त्यावर. उतार वाढवायचा तर हॉपर उंच करावा लागतो, उंच करायचा तर शेडचं छप्पर आडवं येतं. राहिली भिंत. भिंतीचा स्वभाव बदलता आला तर.

हॉपर अडला की आमच्याकडे लोक पहार घेऊन वर चढतात, काही जण आत उतरतातही. कमान पायाखाली तुटली तर वरचा माणूस वाळूबरोबर जातो, आणि कमरेपर्यंत वाळूत गेलेल्या माणसाला नुसतं ओढून काढता येत नाही. त्या मामांच्या हातोड्याला मी हसलो होतो, पण हातोडा निदान बाहेर उभं राहून चालवतात.

मित्रानं अस्तर लावायचं ठरवलं. यूएचएमडब्ल्यू शीट, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीची फार लांबची, फार तालेवार बहीण. मूळ द्रव्य तेच, पॉलिथिन. ते सापडलं 27 मार्च 1933 रोजी, इंग्लंडात विनिंग्टनच्या आयसीआय कारखान्यात. फॉसेट आणि गिब्सन हे दोघं एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलतंच काही करू पाहत होते, आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ राहिला. वीस वर्षांनी, 1953 मध्ये, जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी दाबाशिवाय ते घडवणारा उत्प्रेरक शोधला, त्याबद्दल पुढे त्यांना नोबेलही मिळालं. त्या वाटेनं साखळ्या हव्या तितक्या लांब करता येऊ लागल्या. या शीटमधल्या एकेका साखळीत कार्बनचे दोन ते चार लाख अणू असतात. त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की हे प्लॅस्टिक वितळलं तरी वाहत नाही. बादल्या-मग जसे साच्यात पिचकारीनं भरतात तसं याचं करता येत नाही. पूड गरम करून दाबाखाली थापावी लागते. दुसऱ्याला वाहतं करणारं हे द्रव्य स्वतः वाहत नाही, हे मला फार आवडलं.

शीट आल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, थोड्या पारभासक. हाताला मेणचट लागतात पण हाताला काही येत नाही. पाण्यापेक्षा हलक्या, टाकीत टाकली तर तरंगते. मिस्त्रींनी लाकूड कापायच्या करवतीनंच तिचे तुकडे पाडले. भोक पाडताना ड्रिलभोवती पांढरी लांबलचक फीत चढत गेली, एकदाही न तुटता. हॉपर रिकामा करून, जुन्या खपल्या तासून, आतले पोचे जमतील तेवढे सपाट करून घेतले होते. तासलेल्या वाळूचा ढीग बाहेर पडला होता, तो बघून मित्र म्हणाला, "एवढी वाळू मी वर्षानुवर्षं नुसती सांभाळत होतो."

मी विचारलं, मिस्त्री, बोल्ट कशाला, गोंदानं चिकटवली तर? मिस्त्री हसले. "दुसरीकडं एकदा बगितलं चिकटवून. सकाळी जाऊन बगतोय तर शीट खाली, गोंद वर." जिला काही चिकटत नाही ती स्वतःही कशाला चिकटत नाही, आणि अशा बेगुमान वस्तूला ठिकाणावर ठेवायला बोल्टच लागतात. बोल्टची डोकी शीटमध्ये बुडवायची, वर पांढरी टोपणं बसवायची, म्हणजे वाळूला पकडायला टोक राहत नाही. वरची कड सगळ्यात जोखमीची. तिथे फट राहिली तर वाळू शीटच्या मागे शिरते, फुगवटा येतो आणि एक दिवस अख्खी शीटच उखडून मिक्सरमध्ये जाते.

शिवाय हिला फुगायलाही जागा द्यावी लागते. दहा फुटांची शीट तीस अंशांनी तापली तर दीडेक सेंटिमीटर वाढते. तेवढाच लोखंडी पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून भोकं थोडी लांबट, जोडांत थोडी फट. गच्च बसवलेली शीट उन्हाळ्यात लाट होऊन उभी राहते. ज्यानं हे काम केलेलं नसतं तो फट बघून मिस्त्रींना कामचुकार म्हणतो. मीही मनात म्हटलंच असतं, पण त्यांनी आधीच दोन बोटं फटीत घालून दाखवली आणि म्हणाले, "ही मोकळीक तिच्या पगारातली हाय."

हे सगळं सांगताना विक्रेत्यांच्या पत्रकांसारखं गोड बोलायची माझी इच्छा नाही. या शीटला ऐंशी अंशांपुढे फार वेळ बसवत नाही. शेकआउटखाली, जिथे वाळू भाजकी असते आणि लालसर कास्टिंगचा तुकडाही कधी चुकून येतो, तिथे तिचं काम नाही. तिथे लोखंडच हवं. सरकणारी वाळू ती वर्षानुवर्षं झेलते, पण वरून धारदार ढेकूळ पडू लागलं तर ओरखडत जाते. तिथे रबर बरं. आणि सगळ्यात मोठी भीती बाहेरच्या वेल्डिंगची. अस्तर लावलेल्या हॉपरला बाहेरून कुणी बिनधास्त ब्रॅकेट जोडायला बसला, तर आत काय पेटलंय हे धूर आल्यावरच कळतं. मित्रानं पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, आत प्लॅस्टिक आहे. त्या अक्षरांखाली जुने पोचे तसेच आहेत.

पहिल्या पाळीला मामा सवयीनं हातोडा घेऊन उभे होते. गेट उघडलं. वाळूचा सपाट माथा अख्खाच्या अख्खा खाली बसत गेला, मधे खड्डा न पडता. मामांनी वाट बघितली, मग हातोडा भिंतीला टेकवला. त्यांना नंतर पट्ट्यावर लावलं, चुंबकाशेजारी. तिथे काम हलकं आहे. ते म्हणतात, हात आखडतात.

एकदा हे पांढरं ओळखीचं झालं की जिल्हाभर दिसू लागतं. साखर कारखान्यात बॉयलरकडे उतरणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं वजन पाण्याचंच असतं. तो चुटात अडला की वाफ पडते, वाफ पडली की अख्खा कारखाना धापा टाकतो, आणि गेटाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते. मग चुटाला गुळगुळीत अस्तर लावण्याची चर्चा निघते. दुधाच्या कारखान्यात क्रेट ज्या साखळीवरून जातात तिच्या खालच्या पट्ट्या याच जातीच्या. राधानगरी, चंदगडकडचा तांबडा बॉक्साइट बेळगावला जातो. तो पावसात भिजला की मातीसारखाच हट्टी होतो, ट्रकमधून उतरायला तयार नसतो, आणि तिथेही या अस्तराची आठवण होते.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो इचलकरंजीचा धागा. विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला 1904 साली, आणि तेव्हापासून ते गाव खडखडाटात झोपायला शिकलं. धोटा इकडून तिकडे फेकणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असे. मिनिटाला शंभरावर दणके खायचे, तेही न थांबता. कातड्याशिवाय कुणाला ते सोसत नव्हतं. पुढे त्याच्या जागी प्लॅस्टिक आलं, आणि दणके खाण्यात हेच लांब साखळ्यांचं प्लॅस्टिक कातड्याला वरचढ ठरलं.

मागावरून ते माणसाच्या हाडांत गेलं, तेही इंग्लंडातल्या मागांवरूनच. लँकेशायरात रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली हे शल्यविशारद खुब्याचा कृत्रिम सांधा घडवत होते. आधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉनहून निसरडं काय असणार? पण ती काही वर्षांतच झिजली, रोग्यांची हाडं खराब झाली, आणि चार्नलींना आपलेच सांधे पुन्हा उघडून काढावे लागले. 1962 मध्ये एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या मागांत त्याची दातेरी चाकं वापरत. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवलं आणि तुकडा बाजूला सारला. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं मात्र, साहेब परदेशी गेलेले असताना, तो झिजवण्याच्या यंत्रावर लावून ठेवला. परत आले तेव्हा यंत्र चालूच होतं आणि तुकडा जवळजवळ तसाच होता. मग चार्नलींनी टेफ्लॉन आणि हे प्लॅस्टिक, दोन्हींचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून रोग्यांना नवी वाटी बसू लागली.

झिजत तेही होतंच. झिजलेले सूक्ष्म कण शरीर ओळखतं, त्यांच्याशी लढता लढता शेजारचं हाड खातं, हे पुढच्या दशकांत कळत गेलं. नव्वदीच्या शेवटी किरणोत्सर्गानं साखळ्या एकमेकींना जोडून झीज आणखी कमी केली. हॉपरमधली शीटही वर्षाला थोडी थोडी पातळ होते. तिचे कण वाळूत मिसळतात, साच्यात जातात आणि तापल्या लोखंडाबरोबर जळून जातात. वाळूला तेवढं पचतं.

माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांत हेच प्लॅस्टिक आहे. वर चकचकीत धातू, खाली धातूची बैठक आणि मधे याची चकती, जाडीला जवळपास त्या हॉपरमधल्या शीटइतकीच. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी खाली मांडी घालून बसायचं नाही म्हणून बजावलं. आई भाकरी थापायला ओट्यापाशी उभी राहू लागली आणि दिवसभर ओट्याला नावं ठेवू लागली. तिला बरं वाटावं म्हणून मी एक्स-रे उजेडाकडे धरून समजावत होतो. मधलं प्लॅस्टिक एक्स-रेत उमटत नाही. दोन धातूंच्या मधे नुसती काळी फट दिसते. तिथे बोट ठेवून मी म्हटलं, हे बघ, सगळं काम याच्यावर चाललंय.

आईनं चष्मा वर सरकवला, फोटो हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"काय सांगालायस? इथं तर काहीच न्हाई," ती म्हणाली. "पैसं कशाचं घेतलं मग?"